दोन मिलिमीटरच्या दोन बहिणी

इंग्लंडात ओल्या पालापाचोळ्यात हात घातला की कॅरिकियम नावाची इवलीशी शंखाची गोगलगाय हमखास मिळते, फक्त ती दिसायला हवी ना, कारण उंची जेमतेम दोन मिमी, तिळापेक्षा लहान! मी पाला वाळवून बारीक चाळणीतून चाळतो, मग पांढऱ्या कागदावर भिंग घेऊन बसतो, घरचे म्हणतात याला दुसरा उद्योग नाही.

तर तिथल्या कॅरिकियममध्ये दोन जाती, मिनिमम आणि ट्रायडेंटेटम. पुस्तकं म्हणतात मिनिमम जराशी गुबगुबीत आणि ट्रायडेंटेटम सडपातळ. दोघी शेजारी ठेवल्या तर ठीक आहे हो, पण एकटीच समोर असेल तर कशाच्या मानाने गुबगुबीत म्हणायचं? शंखाच्या तोंडाशी दात दोघींनाही असतात, म्हणजे तेही कामाचं नाही.

खरी खूण आत असते. शंखाच्या शेवटच्या वेढ्यात मधल्या खांबाभोवती एक पातळ पट्टी फिरत जाते, मिनिममची पट्टी साधी, हलका बाक घेऊन जाणारी, आणि ट्रायडेंटेटमची चांगली नागमोडी, मध्येच खाली झोल घेऊन परत वर येणारी. ताजा शंख काचेसारखा आरपार असतो, मायक्रोस्कोपखाली मागून लाईट टाकला की पट्टी बाहेरूनच दिसते. मेलेला शंख मात्र पांढराफटक होतो, मग सुईने शेवटच्या वेढ्याला हळूच खिडकी पाडायची, आणि त्या वेळी शिंक येऊ द्यायची नाही.

राहण्याच्या जागेवरून अंदाज येतो, मिनिममला कायम चिखल-दलदल लागते, ट्रायडेंटेटम जंगलातल्या पाल्यात, कुंपणाच्या झुडपांखाली, जरा कमी ओलीतही खूश. पण कधी कधी दोघी एकाच चाळणीत येतात, म्हणून नुसत्या जागेवर मी तरी नाव लिहीत नाही.

आणि यांचं गोत्र कळलं तेव्हा मला फार मजा वाटली, ही एलोबिडी कुळातली मंडळी, म्हणजे आपल्या कोकणातल्या खारफुटीच्या चिखलात ज्या मेलॅम्पस, कॅसिड्युला या गोगलगायी सापडतात त्यांची नातेवाईक! डोळेही तसेच, शिंगांच्या टोकावर नाही तर बुडाशी.

ब्रिटनमध्ये या दोन जाती नीट वेगळ्या मांडल्या त्या वॉटसन आणि व्हर्डकोर्ट या अभ्यासकांनी, 1953 साली. त्याआधी बरेच जण सरसकट मिनिममच लिहायचे, त्यामुळे जुन्या नोंदीत मिनिमम दिसली तर आधी शंख जपून ठेवलाय का ते विचारा, नसेल तर ती नोंद दोघींपैकी कुणाचीही असू शकते.