एक लाख ऐंशी हजारांचं बिल आणि वहीतला तिसरा रकाना

माझं काम नक्की काय, हे सासूबाईंना अजून पटलेलं नाही. पाहुण्यांना त्या सांगतात, "सूनबाई क्लास घेते." मी आता दुरुस्त करत नाही. कामाच्या ओझ्याखाली पार दबलेली माणसं माझ्याकडे येतात: डॉक्टर, सीए, बँकेतले शाखाधिकारी, आयटीतले टीम लीड. त्यांचा दिवस उलगडून बघायचा, काय अडलंय ते शोधायचं आणि तीन-चार महिने त्यांच्या मागे लागायचं, हा माझा धंदा. ११ वर्षं आयटीत प्रोजेक्ट सांभाळले, २०२१मध्ये नोकरी सोडली आणि चिंचवडच्या घरातल्या मागच्या खोलीत हे सुरू केलं.

लोकांची अडलेली कामं सोडवणाऱ्या बाईचं स्वतःचं बिल मात्र सहा महिने अडकून पडलं होतं. त्यातून बाहेर कशी आले ते लिहून ठेवते. माझ्यासारख्या घरातून काम करणाऱ्या बऱ्याच जणी आहेत आणि हे कुणी आपणहून सांगत नाही.

२०२३च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हिंजवडीतल्या एका कंपनीत माझी सहा सत्रं झाली. २२ मॅनेजर, सत्राला ३० हजार, एकूण १ लाख ८० हजार. माझ्यासाठी ही तोवरची सगळ्यात मोठी ऑर्डर होती.

पहिल्या सत्रात मी एकच खेळ घेते. प्रत्येकाला कोरा कागद द्यायचा आणि डोक्यात जे जे लोंबकळतंय ते सगळं उतरवायला सांगायचं, अगदी गॅसचं केवायसी आणि मुलाच्या शाळेची फीसुद्धा. मग शेजारी तीन रकाने आखायचे: 'माझ्याकडे', 'दुसऱ्याकडे' आणि 'कुणाकडेच नाही'. पहिले दोन पटापट भरतात. तिसऱ्याला लोक हसतात. काम कुणाकडेच नाही म्हणजे काय?

त्या दिवशी एका मॅनेजरने लिहिलं होतं, 'नवीन मुलीचा लॅपटॉप'. मुलगी रुजू होऊन तीन आठवडे झाले होते आणि ती शेजारणीच्या स्क्रीनमध्ये बघून काम शिकत होती. यांनी ते 'दुसऱ्याकडे' टाकलं, कारण लॅपटॉप आयटी विभाग देतो. मी म्हटलं, आत्ता फोन करून विचारा. आयटीवाला म्हणाला, "सर, तुमच्या मंजुरीसाठी थांबलोय." मंजुरीचा मेल गेला होता कुणाला, तर यांच्या आधीच्या मॅनेजरला. तो मे महिन्यातच कंपनी सोडून गेलेला. म्हणजे तीन आठवडे ते काम खरोखर कुणाकडेच नव्हतं. त्यांनी शांतपणे खोडलं आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं. पुढच्या सत्राला लॅपटॉप आलेला होता.

वेळ कमी पडतो म्हणून कामं तुंबतात, असं माझ्याकडे येणारा प्रत्येक जण सांगतो. माझा अनुभव वेगळा आहे. ज्या कामापुढे कुणाचंच नाव नसतं, ते वेळ असूनही तुंबतं.

२५ सप्टेंबरला शेवटचं सत्र संपवून संध्याकाळीच बिल मेल केलं. पर्चेस ऑर्डरवर लिहिलं होतं, पैसे ६० दिवसांत. नोव्हेंबरच्या अखेरीस येतील असं धरून मी गप्प बसले. दिवाळी गेली, नोव्हेंबर सरला. डिसेंबरमध्ये एचआरला फोन केला. "मॅडम, आमच्याकडून केव्हाच पुढे गेलंय, अकाउंट्सला विचारा." अकाउंट्सवाले म्हणाले, "बिल अजून बुकच झालेलं नाही, एचआरने सर्व्हिस एंट्री, म्हणजे काम झाल्याची नोंद, केली की होईल." पुन्हा एचआर. पुन्हा अकाउंट्स. तिसऱ्या फेरीत तिथल्या एका गृहस्थांनी गोड आवाजात विचारलं, "मॅडम, तुम्ही घरूनच करता ना हे? मिस्टर काय करतात?" मी उत्तर दिलं नाही. फोन ठेवल्यावर पाच मिनिटं भांडी आपटली.

ब्लूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९२७ सालचा प्रबंध आहे, अर्धवट राहिलेली कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असं सांगणारा. त्याची सुरुवात कॅफेतल्या वेटरांवरून झाली असं म्हणतात: पैसे चुकते होईपर्यंत त्यांना ऑर्डर पाठ असते आणि बिल भरलं की साफ विसरतात. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत हे तसंच्या तसं सापडलं नाही, पण त्या डिसेंबरात मला वेटरांचं पुरतं पटलं. माझं बिल भाजी चिरताना, दुसऱ्याचं वेळापत्रक आखताना, रात्री दोनला, कधीही डोकं वर काढायचं.

एका रात्री उठून माझीच वही काढली. बिल मी कुठे लिहिलं होतं? 'दुसऱ्याकडे'. वर तारीखही नाही. खोडलं आणि तिसऱ्या रकान्यात घातलं.

माझी नणंद सीए आहे, नाशिकला असते. तिला सांगायला मी टाळत होते. घरचं माणूस, वरून ती स्वतः कायम कामाखाली बुडालेली असते. शेवटी जानेवारीत संक्रांतीला ती आली तेव्हा तिळगुळाबरोबर हेही पुढे ठेवलं. तिने पहिलाच प्रश्न केला, "वहिनी, तुझं उद्यम आहे ना?"

होतं. उद्यम म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. ते काढल्याचीही एक गंमत आहे. २०२१मध्ये धंद्याच्या नावाने चालू खातं उघडायला गेले तर बँकेने त्या नावाचे दोन कागद मागितले. एक झालं शॉप अ‍ॅक्टचं; राज्याच्या २०१७च्या कायद्यात तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर नुसतं ऑनलाइन कळवायचं होतं, ती पोच मिळाली. दुसरं उद्यम. सरकारी पोर्टलवर ते मोफत आहे, आधार आणि पॅनवर होतं. पण नुसतं शोधलं की हुबेहूब सरकारी वाटणाऱ्या खासगी साईटी पुढे येतात आणि 'नोंदणी शुल्क' मागतात. मी अशाच एकीला पैसे भरून बसले होते. असो. प्रमाणपत्रावर 'सूक्ष्म' असं आलं, बँकेला दिलं आणि फाइलमध्ये घातलं. ते पुन्हा कधी उघडून वाचलंही नाही.

"मग कंपनीला दिलंस?"

व्हेंडर नोंदणीचा फॉर्म काढून बघितला. पॅन, रद्द केलेला चेक, जीएसटी नसल्याचं घोषणापत्र (सेवांना वर्षाला २० लाखांपर्यंत लागत नाही, पण हे पर्चेसवाल्यांना पटवायलाच एक आठवडा गेला होता). खाली एक चौकट होती, 'एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) असल्यास क्रमांक'. ती मी कोरी सोडली होती. मला वाटलं, एमएसएमई म्हणजे भोसरीत शेड टाकून लेथ चालवणारे. मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसणारी मी कुठली उद्योग!

नणंदेने कपाळावर हात मारला, मग समजावून सांगितलं. २००६च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे द्यायला मुदत घातलेली आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर करारातली मुदत, पण ४५ दिवसांच्या वर नाही. ऑर्डरवरच्या ६० दिवसांना अर्थ नव्हता. माझे ४५ दिवस ९ नोव्हेंबरला, वसुबारसेलाच संपले होते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. दर तेव्हा ६.७५ टक्के होता, म्हणजे २०.२५.

"आणि यंदा तर मजाच आहे," ती म्हणाली. आयकर कायद्यात ४३बी कलमाला एक पोटकलम जोडलं होतं आणि २०२३-२४ हे त्याचं पहिलंच वर्ष होतं. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि ३१ मार्चपर्यंतही चुकते केले नाहीत, तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. एकट्या माझ्या बिलाने एवढ्या मोठ्या कंपनीचं काही बिघडत नव्हतं. पण ऑडिटर अशा सगळ्या बिलांची यादी मागतो आणि त्या यादीत नाव असणं अकाउंट्सला नको असतं.

मग तिने माझं आयकराचं लॉगिन मागितलं आणि २६एएस, म्हणजे माझ्या नावाने कापलेल्या कराचं पत्रक, उघडलं. तिथे त्या कंपनीच्या नावापुढे नोंद होती: रक्कम १,८०,०००, टीडीएस १८,०००, तारीख ३० सप्टेंबर. टीडीएस पैसे देताना किंवा खात्यात जमा दाखवताना, जे आधी होईल तेव्हा कापतात. पैसे तर दिलेच नव्हते. म्हणजे "बुकच झालेलं नाही" म्हणणाऱ्यांनी बिल आलं त्याच आठवड्यात बुक केलं होतं, वर माझ्या नावाने सरकारला करही भरला होता. मी डिसेंबरपासून फोन करत होते आणि हा पुरावा माझ्याच खात्यात पडून होता.

पुढचं मी माझ्या पद्धतीने केलं. आधी कंपनीतल्या एका माणसाचं नाव हवं होतं, विभागाचं नव्हे. माझ्या सत्रातल्या लॅपटॉपवाल्या मॅनेजरांनाच मेसेज टाकला. त्यांनी वित्त विभागाच्या प्रमुखांचा मेल दिला आणि लिहिलं, "मॅडम, तुमचं बिल तिसऱ्या रकान्यात गेलं वाटतं." तेवढ्या मनस्तापातही हसू आलं.

पत्र एका पानाचं लिहिलं आणि त्यांना मेल केलं. वकिली भाषा नाही, धमकी नाही. बिलाची तारीख, ४५ दिवस कधी संपले, २६एएसची प्रत, उद्यम प्रमाणपत्र, आजपर्यंतचं व्याज. माझी चौकट कोरी राहिली होती, ही चूकही कबूल केली. १५ दिवस वाट पाहिली. उत्तर नाही. उलट त्याच आठवड्यात त्यांच्या सिस्टीमकडून सगळ्या व्हेंडरांना गेलेला मेल मलाही आला: आपण एमएसएमई असल्यास कृपया प्रमाणपत्र पाठवा. पाठवलं, पुन्हा.

मग १२ फेब्रुवारीला 'समाधान' या, छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज केला. २०१७मध्ये ही सोय सुरू झाली. उद्यम क्रमांक, ऑर्डर, बिल एवढंच लागलं. अर्ज राज्याच्या सुविधा परिषदेकडे जातो; ती आधी समेट घडवायला बघते, नाही जमलं तर लवादाकडे. कायद्यात निकालाला ९० दिवस दिलेत. प्रत्यक्षात किती लागतात ते बघायची वेळ माझ्यावर आली नाही. अर्जाची पोच त्याच मेलच्या साखळीत जोडून पाठवली आणि तिसऱ्या दिवशी कंपनीतून फोन आला. या वेळी मिस्टरांची चौकशी नव्हती.

त्यांचं म्हणणं, मूळ रक्कम मार्चमध्येच देतो, व्याज सोडा, अर्ज मागे घ्या. माझ्या हिशेबाने तोवरचं आणि पुढचं धरून व्याज साडेबारा हजारांच्या वर जात होतं. नणंद म्हणाली, एक रुपया सोडू नकोस. मी सोडलं. त्या कंपनीतले चार जण नंतर स्वतःच्या खर्चाने माझ्याकडे येत होते, परिषदेच्या तारखांना जायचं बळ नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते डोक्यातून काढायचं होतं. नणंदेने हे अजून माफ केलेलं नाही. पण एक केलं: पैसे खात्यात दिसेपर्यंत अर्ज मागे घेतला नाही.

२७ मार्चला, धुळवडीनंतर दोन दिवसांनी, १ लाख ६२ हजार जमा झाले. मी तेव्हा एका बालरोगतज्ज्ञ बाईंचं सत्र घेत होते आणि माझ्याच नियमाप्रमाणे फोन पालथा होता. दीड तासाने बघितलं. चहा ठेवला, दूध उतू गेलं.

आता माझ्या बिलावर, सहीच्या वरच, उद्यम क्रमांक आणि '४५ दिवस' छापलेलं असतं. नवीन कंपनी असेल तर पैसे देणाऱ्या माणसाचं नाव मी सत्राच्या आधी मागते. काहींना ते खटकतं. जूनमध्ये त्याच कंपनीने नव्या बॅचसाठी विचारलं. मी अर्धी रक्कम आगाऊ लागेल असं कळवलं. त्यांचं उत्तर आलेलं नाही. वहीत 'दुसऱ्याकडे' लिहिलंय, या वेळी पुढे नाव आणि तारीख घालून.