ठार बहिरे आणि सातबारा

आजीचे एक चुलतभाऊ होते, जन्मापासून ऐकू न येणारे, अख्खं गाव त्यांना मुकाच म्हणायचं, खरं नाव मला तेराव्याच्या पत्रिकेवर कळलं. हिशोबाला एकदम पक्के, महिन्याभराचं दूध बोटांच्या पेरांवर मोजून दाखवायचे. आणि आपल्या मराठीत बघा, वेडा ठार, आंधळा ठार, बहिरापण ठार, म्हणजे शब्दातच मारून टाकलं की!

कायद्यातही तेच. मनुस्मृतीच्या ९व्या अध्यायात जन्मांध, बहिरे, मुके यांना वाटणीत हिस्सा नाही असं सरळ लिहिलंय, फक्त अन्नवस्त्र द्या, आणि इंग्रजांची कोर्टंपण हिंदू कायदा म्हणून जन्मतः बहिऱ्यांना बाहेर ठेवायची, शेवटी १९२८ साली कायदा करून ही आडकाठी काढली (मिताक्षरा ही हिंदू कायद्याची शाखा पाळणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्याकडे लागू). १९५६च्या वारसा कायद्यात तर स्पष्टच आहे, आजार किंवा व्यंग आहे म्हणून वारसाहक्क जात नाही.

साक्षीचं त्यामानाने बरं होतं. १८७२चा पुरावा कायदा (२०२४पर्यंत लागू होता), कलम ११९, बोलता न येणारा साक्षीदार कोर्टात लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकत होता, आणि ती तोंडी पुरावा म्हणूनच धरायची. तोंडी! २०१३ला त्यात दुभाषा आणि व्हिडिओ शूटिंग आलं.

आजीच्या त्या चुलतभावाचं नाव सातबाऱ्यावर आहे का ते मी मुद्दाम उतारा काढून बघितलं. सगळ्या भावांच्या खाली, शेवटी, पण होतं.