पान २१

माळ्यावरून पणत्यांची पिशवी काढताना वाचनाच्या जुन्या वह्या अंगावर आल्या. पणत्या राहिल्या बाजूला. फरशीवर बसकण मारली ती दुपार कलेपर्यंत.

पहिली वही १९९१ सालची, दोनशेपानी, ब्राउन पेपरचं कव्हर घातलेली. पट्टीने रकाने आखलेत: क्रमांक, पुस्तक, लेखक, कधी संपलं, मत. 'मत' चौथ्या पुस्तकापर्यंतच टिकलंय, आणि तेही 'भाषा ओघवती आहे' छापाचं, मराठीच्या पेपरात पाच मार्कांना लिहावं तसलं. पुढे रकाने गेले आणि भलतंसलतं सुरू झालं. 'बनगरवाडी'पुढे नुसतं 'मेंढ्या. ताप १०२. मऊ भात.' व्यंकटेश माडगूळकरांच्या त्या कादंबरीवर १९५५पासून एवढं कमी कुणी लिहिलं नसेल. पण त्या चार शब्दांसरशी तोंडाची कडू चव आणि दुष्काळात गाव सोडून निघालेले धनगर एकदमच परत आले. गोधडीच्या वासासकट.

वही उलटी केली की शेवटच्या पानापासून दुसरी यादी. एरवी फुल्ली-गोळा खेळायची जागा ती. तिथे अर्धवट सोडलेली पुस्तकं, कुठल्या पानावर सोडलं त्यासकट. ही यादी मी कुणाला दाखवत नाही. तिच्यात भलीभली नावं आहेत. एक तर तीनदा आहे: पान ४०, पान ६२, पान ३८. म्हणजे तिसऱ्या खेपेला मी मागेच गेले.

आई माझ्या वहीला हसायची. "वाचायचं सोडून लिहीत काय बसतेस?" तिची तऱ्हाच निराळी. आमच्या गावचं वाचनालय 'ब' वर्गाचं; एका वेळी एक पुस्तक, एक मासिक. चार वाजता ते उघडलं की ती मला पिटाळायची, "जा, बदलून आण." काय आणायचं ते तिथले काकाच ठरवायचे. घरी आल्यावर आई ना नाव बघायची ना लेखक, थेट पान २१ उघडायची. आकड्याखाली पेन्सिलीचा बारीक ठिपका असला की पुस्तक परत माझ्या हातात. "वाचलंय. दुसरं आण." की उन्हातून दुसरी फेरी. पुस्तकावर खुणा करू नयेत असा शिक्का असायचा, पण ठिपका म्हणजे काही खूण नव्हे, असं तिचं म्हणणं.

असे आणखीही होते. कुणी पन्नासाव्या पानावर फुली करायचं, कुणी शंभराव्यावर आद्याक्षर. पान २१वर तिच्या ठिपक्याशेजारी अधूनमधून एक त्रिकोण दिसायचा. तो कोण, ते कधीच कळलं नाही. काकांना विचारायची सोय नव्हती, ठिपका उघडा पडला असता. "त्रिकोणाची आवड चांगली आहे हो," एवढं ती म्हणायची.

गेल्या महिन्यात गावी गेले तेव्हा तिच्यासाठी पुस्तक बदलून आणलं. तिने चष्मा पुसला, पान २१ काढलं. ठिपका होता. मी चपला शोधायला लागले.

"कसं होतं गं हे?" सहज विचारलं.

ती बराच वेळ पानाकडे बघत राहिली.

"काही आठवत नाही. पण त्रिकोणानेही वाचलंय बघ," म्हणाली, आणि तिने पहिलं पान उघडलं.