‘इफ’च्या पुढे ‘विल’ का येत नाही?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. तिथे येणाऱ्यांत कारखान्यात काम करणारे आहेत, दुकान सांभाळणारे आहेत, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली आहेत, आणि प्रत्येक नव्या तुकडीत पहिल्या पंधरा दिवसांत कोणीतरी हाच प्रश्न विचारतो. “मॅडम, उद्या पाऊस पडणार म्हणजे भविष्यकाळच की! मग ‘इफ इट विल रेन’ का चुकीचे?” ‘इफ’च्या पुढे ‘विल’ लावायचे नाही, हा नियम सगळ्यांना शाळेतच पाठ झालेला असतो. त्याचे कारण मात्र कोणी सांगितलेले नसते, आणि कारण न कळलेला नियम बोलण्याच्या घाईत हमखास निसटतो.

मी अशा वेळी इंग्रजी बाजूला ठेवायला सांगते आणि तेच वाक्य मराठीत म्हणायला लावते. उत्तर ठरलेले असते: “उद्या पाऊस पडला तर मी येणार नाही.” आता ‘पडला’ या क्रियापदाकडे नीट पाहा. ते रूप भूतकाळाचे आहे, वाक्यात ‘उद्या’ हा शब्द धडधडीत बसलेला आहे, आणि तरीही वर्गातल्या एकालाही त्यात काही खटकत नाही. कारण ‘तर’च्या आधी आलेले ‘पडला’ काळ सांगत नाही. ते सांगते की पाऊस पडून गेला असे क्षणभर धरून चाला आणि मग पुढचे ऐका. पुढच्या काळाचा भार ‘येणार नाही’ या मुख्य वाक्याने एकट्याने उचललेला असतो. इंग्रजी नेमके हेच करते. ‘इफ इट रेन्स, आय विल नॉट कम’ या वाक्यात अट वर्तमानकाळात मांडून ठेवलेली आहे आणि भविष्य एकदाच, मुख्य वाक्यात, ‘विल’ने सांगितलेले आहे. आपण अटीसाठी भूतकाळाचे रूप घेतो, ते वर्तमानकाळाचे घेतात, आणि भविष्यकाळ अटीत दोघेही सहसा घालत नाहीत. क्वचित ‘तू येशील तर मीही येईन’ असे आपण म्हणतो, पण तिथे समोरच्याची तयारी विचारलेली असते. पावसाला अशी तयारी विचारता येत नाही.

मग ‘इफ इट विल रेन’ येते कुठून? माझ्या मते ते मराठीतून येत नाही, मराठी न ऐकता केलेल्या भाषांतरातून येते. ‘जर म्हणजे इफ, तर म्हणजे देन, पडेल म्हणजे विल रेन’ अशी शब्दाला शब्द लावण्याची सवय शाळेत लागते आणि मुले ‘जर पाऊस पडेल तर’ असे एक कृत्रिम मराठी वाक्य मनात तयार करून त्याचे इंग्रजी करतात. घरी आईशी बोलताना तीच मुले ‘जर’ हा शब्द दिवसातून एकदाही वापरत नाहीत. इंग्रजीतही ‘इफ’ आल्यावर ‘देन’ची गरज नसते.

यापेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटणारा भाग ‘तर’ आणि ‘की’ यांच्यातल्या फरकाचा आहे, आणि तो मला एका मुलीमुळे नीट दिसला. ती पंचगंगेच्या काठच्या गावातली. राजाराम बंधाऱ्यापाशी पाण्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापुरात लहान मुलांनाही ठाऊक असतात, आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर तर पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिली चौकशी त्यांचीच होते. पुराच्या दिवसांत घरचे काय ठरवतात, यावर मी चार वाक्ये लिहायला सांगितली होती. तिने लिहिले: ‘इफ द वॉटर विल क्रॉस फॉर्टी-थ्री फीट, वी विल गो टू माय अंकल्स हाउस. इफ द वॉटर विल गो डाउन, वी विल कम बॅक.’ मी लाल शाईने दोन्ही ठिकाणचे पहिले ‘विल’ खोडले, ‘क्रॉसेस’ आणि ‘गोज’ केले आणि वही परत देणार, इतक्यात दुसरे वाक्य पुन्हा वाचले. व्याकरण आता बरोबर होते, पण अर्थ भलताच झाला होता. पाणी उतरलेच तर आम्ही परत येऊ, नाही उतरले तर कोण जाणे, असे ते वाक्य म्हणत होते. मी तिला विचारले, “घरी हे कसे बोलता?” ती लगेच म्हणाली, “पाणी उतरलं की परत जाऊ.” ‘उतरलं तर’ नव्हे, ‘उतरलं की’. पाणी वाढेल की नाही याची खात्री नसते, म्हणून तिथे ‘तर’. ते कधीतरी उतरणारच, म्हणून तिथे ‘की’. मराठीच्या या ‘की’ला इंग्रजीत ‘व्हेन’ लागते: ‘व्हेन द वॉटर गोज डाउन, वी विल कम बॅक.’ आणि ‘व्हेन’च्या वाक्यातही ‘विल’ येत नाही, त्याच कारणाने.

नेहमीच घडणाऱ्या गोष्टींसाठी तर दोन्ही बाजूंना साधा वर्तमानकाळच पुरतो. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि धरण पूर्ण भरले की ते आपोआप उघडतात. ‘व्हेन द डॅम फिल्स, द गेट्स ओपन.’ इथे उद्याची गोष्ट चाललेली नाही, यंत्रणेचा स्वभाव सांगितला जात आहे, म्हणून मुख्य वाक्यातही ‘विल’ची गरज उरत नाही.

‘इफ’पुढे ‘विल’ बिनधोक येते अशी एक जागा मात्र आहे, आणि ती न सांगितल्यामुळे हुशार विद्यार्थी गोंधळतात. ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’ हे वाक्य शुद्ध आहे. मराठीत हेच आपण ‘तो येईल का, माहीत नाही’ असे म्हणतो. त्यात ‘तर’ कुठेच नाही, कारण ही अट नाही, शंका आहे. मराठी वाक्यात ‘का’ किंवा ‘की नाही’ आले तर ‘विल’ चालते, ‘तर’ आले तर चालत नाही, इतकी साधी खूण पुरेशी आहे. ‘इफ यू विल वेट अ मिनिट’ हे नम्र विनंतीचे वाक्यही शुद्धच आहे, कारण तिथले ‘विल’ काळाचे नसून मर्जीचे आहे.

इथपर्यंत मराठी आपल्याला हात धरून नेते. पुढे एका जागी ती हात सोडते, आणि तिथे सावध राहावे लागते.

‘माझ्याकडे गाडी असती तर मी तुम्हाला सोडले असते.’ हे वाक्य आपण आत्ता, समोरच्याला रिक्षा मिळत नसताना म्हणू शकतो, आणि गेल्या महिन्यातल्या लग्नाबद्दलही म्हणू शकतो, रूप एकच. इंग्रजीला मात्र दोन वाक्ये लागतात. आत्ताचे असेल तर ‘इफ आय हॅड अ कार, आय वुड ड्रॉप यू’, आणि घडून गेलेले असेल तर ‘इफ आय हॅड हॅड अ कार, आय वुड हॅव ड्रॉप्ड यू.’ दोन ‘हॅड’ शेजारी पाहून विद्यार्थी दचकतात, पण पहिला काळ दाखवणारा आणि दुसरा ‘असणे’ सांगणारा आहे, हे एकदा दाखवले की भीती जाते.

हा फरक न केल्यामुळे काय होते, हे माझ्या एका विद्यार्थ्याने अनुभवले. तो शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत परदेशी ग्राहकांशी पत्रव्यवहार करतो. एकदा ड्रॉइंग उशिरा, बुधवारी आले, आणि माल त्या शुक्रवारी जाऊ शकला नाही. त्याला सांगायचे होते, ‘सोमवारी ड्रॉइंग मिळाले असते तर कास्टिंग शुक्रवारी गेले असते.’ त्याने लिहिले, ‘इफ वी गॉट द ड्रॉइंग ऑन मंडे, द कास्टिंग वुड गो ऑन फ्रायडे.’ ग्राहकाने त्याचा अर्थ असा घेतला की ड्रॉइंग अजून पोहोचलेलेच नाही आणि येत्या सोमवारी मिळाले तर त्या आठवड्यात माल निघेल. त्याने नम्रपणे सोमवारी ड्रॉइंग पुन्हा पाठवले आणि वाट पाहत बसला. सगळा घोळ एका ‘हॅड गॉट’ने आणि एका ‘वुड हॅव गॉन’ने टळला असता.

आपल्या मराठीत अशा वाक्याच्या दोन्ही टोकांना ‘असता, असती, असते’ येते, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ घालण्याचा मोह होतो: ‘इफ इट वुड हॅव रेन्ड, द क्रॉप वुड हॅव सर्व्हाइव्ड.’ ही माझ्या वर्गातली सर्वांत चिवट चूक आहे, ‘इफ इट विल रेन’पेक्षाही चिवट, कारण ती मराठी नीट ऐकणाऱ्यांकडूनच होते. अटीत ‘हॅड रेन्ड’, निकालात ‘वुड हॅव’. अमेरिकेतल्या बोलण्यात अटीतही ‘वुड हॅव’ ऐकू येते, हे खरे आहे आणि विद्यार्थी व्हिडिओ दाखवून माझ्याशी वादही घालतात. परीक्षेत आणि कामाच्या पत्रात मात्र ती चूकच धरली जाते.

शाळेत आपण सगळ्यांनी ‘मी मुख्यमंत्री झालो तर’ हा निबंध लिहिलेला आहे. ‘पाऊस पडला तर’ आणि ‘मुख्यमंत्री झालो तर’ यांत मराठी भेद करत नाही. इंग्रजी विचारते की हे घडण्याजोगे वाटते का. निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार ‘इफ आय बिकम’ म्हणेल आणि पुढे ‘आय विल’ लावेल. पाचवीतल्या मुलाने ‘इफ आय बिकेम’ आणि ‘आय वुड’ लिहावे, असे पुस्तक सांगते. मागच्या तुकडीतल्या एका मुलीने तरीही ‘इफ आय बिकम द कलेक्टर, आय विल’ असे लिहिले होते. ती तेव्हा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करत होती, म्हणून मी ते वाक्य खोडले नाही.