वेटिंग रूममधली पंचेचाळीस मिनिटं

घरून काम करायच्या नोकरीसाठी मी तीन मुलाखती दिल्या, तिन्ही साताऱ्यातल्या घरातूनच. पहिल्या दोन सुरळीत झाल्या. तिसरी आठवली की अजूनही राग येतो.

ती लंडनमधल्या मॅनेजरबरोबर होती, १ एप्रिल २०२५ ला. एचआरच्या मॅडमनी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली आणि लिहिलं, ‘दुपारी साडेतीन.’ मी सव्वातीनलाच बसले. बाबांनी टीव्ही बंद केला, आईने कुकर लावायचा थांबवला. माइकमध्ये घरघर येते म्हणून पंखासुद्धा बंद. स्क्रीनवर एकच ओळ: होस्ट मीटिंग सुरू करेपर्यंत थांबा.

साडेतीन झाले, पावणेचार झाले. कोणत्याही क्षणी आत घेतील म्हणून मी पाणी प्यायलाही उठले नाही. मॅडमना मेसेज केला, निळ्या टिका आल्याच नाहीत. दोनदा फोन केला, नुसताच वाजत राहिला. घामाने ड्रेस पाठीला चिकटला होता. सव्वाचारला मेल आला: ‘कँडिडेट नो-शो.’

एक तास लॅपटॉपसमोर बसलेल्या माणसाला गैरहजर म्हणतात!

त्या मेलच्या खाली मॅनेजरचा मूळ मेल होता, त्यात वेळ होती लंडनचे सकाळचे दहा. तेव्हा उलगडा झाला. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळं एक तास पुढे करतात. त्या वर्षी तो रविवार म्हणजे ३० मार्च, आपला गुढीपाडवा. आपल्यातलं अंतर साडेपाच तासांवरून साडेचारवर आलं होतं. त्यांचे दहा म्हणजे आपले अडीच. मॅनेजर येऊन, वाट बघून गेला होता. मॅडमनी जुनाच हिशेब धरला होता.

मी रडत बसले नाही. व्हॉट्सॲपच्या मेसेजचा आणि वेटिंग रूमचा स्क्रीनशॉट जोडून दोघांनाही मेल केला. (स्क्रीनशॉटमध्ये कोपऱ्यातलं घड्याळ दिसेल असं बघा.) तीन दिवसांनी परत मुलाखत झाली. मॅनेजरने आधी माफी मागितली, मग प्रश्न विचारले. मॅडमनी आजपर्यंत ‘सॉरी’ म्हटलेलं नाही.

म्हणून सांगते, नुसत्या मेसेजवर वेळ ठरवू नका, कॅलेंडरचं निमंत्रण मागा. त्यात वेळ आपोआप आपल्या घड्याळाप्रमाणे दिसते. वेळ लिहिताना शहराचं नाव लिहा. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारीच पुढे जातात, त्यामुळे तिथल्या लोकांबरोबर काम असेल तर आणखी आधीपासून सांभाळा. आणि हो, दहा मिनिटांत कोणी आलं नाही तर मॅनेजरलाच थेट मेल करा. मी पंचेचाळीस मिनिटं मॅडमच्या उत्तराची वाट बघितली, तिथे चुकले.

नोकरी मिळाली. आता माझ्याकडे होस्टचं काम असतं तेव्हा मी पाच मिनिटं आधी येते. उशीर होणार असेल तर मीटिंगच्या वेळेआधीच सगळ्यांना तसं कळवते.