शेवटचा ‘ट’

उद्या गाडीचं पासिंग आहे. पंधरा वर्षं पुरी झाली की गाडी पुन्हा एकदा आरटीओत नेऊन दाखवावी लागते. दाखवायचीच आहे तर जरा तोंड धुऊन, पावडर-कुंकू करून न्यावी, म्हणून आज दुपारी सगळी बिल्डिंग रविवारचं जेवून घोरत असताना मी बादली आणि फडकं घेऊन पार्किंगमध्ये उतरले.

बॉनेटपुढच्या सोनेरी चिन्हावर चिखलाचा एक जुना, दगड झालेला ठिपका होता. फडक्याने निघेना. वर जाऊन तारेची घासणी आणली. प्लास्टिकवर तारेची घासणी चालवू नये हे मलाही कळतं, पण भांड्यांना सरावलेल्या हाताला डाग दिसला की पुढचं काही दिसत नाही. चार हात मारले. चिखल गेला आणि त्याच्याबरोबर सोनंही गेलं. खाली नुसता राखाडी रंग. दोष सर्वस्वी माझा आणि घासणीचा.

ही आमची स्पार्क. शेव्हरोले स्पार्क, २०१०ची. शेजारच्या काकू तिला ‘प्लसवाली गाडी’ म्हणतात, आणि तिरकं पाहिलं तर ते चिन्ह प्लससारखं दिसतंही. खरं म्हणजे तो बो-टाय. शंभराहून जास्त वर्षं या गाड्यांच्या नाकावर बसलेला. तो आला कुठून, याच्या मात्र एकाच घरात तीन कथा. कंपनी काढणारा विल्यम ड्युरंट सांगायचा की पॅरिसच्या एका हॉटेलात भिंतीवरच्या कागदावर ही नक्षी दिसली आणि मी तुकडा फाडून खिशात घातला. मुलगी म्हणायची, छे, बाबा जेवणाच्या टेबलावर कागदावर गिरगटत बसायचे, त्यातून ते निघालं. आणि बायकोचं म्हणणं, आम्ही व्हर्जिनियात सुट्टीला गेलो होतो, तिथे वर्तमानपत्रातल्या कुठल्याशा जाहिरातीत ह्यांना ते दिसलं. मी बायकोच्या बाजूने आहे. नवऱ्याला जे पॅरिसमध्ये सुचलं असं तो चारचौघांत सांगतो, ते बहुतेक घरच्या रद्दीतच सापडलेलं असतं.

ज्याचं नाव गाडीला आहे तो माणूस वेगळाच. लुई शेव्हरोले. १८७८च्या नाताळात स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावी जन्मला. बाप घड्याळजी. पोरगं फ्रान्समध्ये सायकली दुरुस्त करत, सायकलींच्या शर्यती मारत वाढलं, कॅनडामार्गे अमेरिकेत गेलं आणि मोटारींच्या शर्यतीत शिरलं. ड्युरंटने त्याला ब्यूक गाड्या पळवायला ठेवलं होतं. ड्युरंट म्हणजे जनरल मोटर्स उभी करून तिच्यातून बाहेर फेकला गेलेला माणूस. त्याला पुन्हा डाव मांडायचा होता, आणि शर्यतवाल्याचं नाव लोकांच्या तोंडी होतं. नोव्हेंबर १९११मध्ये डेट्रॉइटला दोघांची कंपनी सुरू झाली.

लुईला भारी, देखणी गाडी हवी होती. पहिली गाडी तशीच झाली, २,१५० डॉलरची. फोर्डची मॉडेल टी तेव्हा जवळपास तिसऱ्या हिश्श्यात येत होती. ड्युरंटचा जीव स्वस्त गाडीत. त्यातून कुरबुरी. असं सांगतात की शेवटचं भांडण झालं ते सिगरेटवरून: ड्युरंटचं म्हणणं, इतक्या मोठ्या कंपनीचा माणूस ओठाच्या कोपऱ्यात सिगरेट लोंबकळवत काय फिरतो, सिगार ओढ. लुई बाहेर पडला. वाट्याचे शेअर विकले. नाव तेवढं तिथेच राहिलं. नाव मागे ठेवून घर सोडणं आम्हा बायकांना काही नवं नाही, पण बाप्यामाणसाच्या वाट्याला हे क्वचित येतं.

पुढे त्याच नावाने गाड्या खपत गेल्या, लाखांनी आणि मग कोटींनी. लुईचा धाकटा भाऊ गॅस्टन १९२०ची इंडियानापोलिसची शर्यत जिंकला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दुसऱ्या शर्यतीत गेला. लुई स्वतः १९४१मध्ये वारला, हाती फारसं काही न उरता. ड्युरंटचीही तीच गत; शेवटी तो फ्लिंट गावात बोलिंगचा अड्डा चालवत होता. दोघांची नावं काढून पाहा. एकाचं रस्तोरस्ती लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याचं सांगितल्याशिवाय कळत नाही.

आता अण्णांकडे वळते. अण्णा म्हणजे आमचे आजोबा, एसटीचे ड्रायव्हर, सातारा डेपो. १ जून १९४८ला पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली, त्याच्या पुढच्या वर्षी ते लागले. त्या काळात महामंडळाकडे एका जातीच्या गाड्या नव्हत्याच. शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड, फियाट. लग्नघरी सगळ्या गावांचे पाहुणे उतरावेत तशा. अण्णांच्या हाती पहिली आली ती शेव्हरोले. ते म्हणायचे, “शेवरलेट.” पुढे नाक असलेली, लाकडी अंगाची. त्या काळच्या शेव्हरोले ट्रकना साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असायचं. अमेरिकेत त्याचं लाडकं नाव होतं ‘चुलीचे बोल्ट’, कारण त्याचे बोल्ट म्हणे चुलीला लावतात तसले दिसायचे. अण्णांना हे नाव ठाऊक असतं तर फार आवडलं असतं. पसरणीचा घाट चढताना ती चुलीसारखीच तापायची, असं तेच सांगायचे. मग अर्ध्या घाटात थांबायचं, कंडक्टरने उतरून मागच्या चाकाला धोंडा लावायचा, रेडिएटरचं झाकण पोत्याने धरून उघडायचं, आणि वाफ ओसरेपर्यंत बायाबापड्यांनी करवंदं खाऊन घ्यायची.

आणि हँडल. थंडीच्या दिवसांत पहाटेची पहिली गाडी हँडल मारून सुरू करायची. हे मारणं अण्णा आम्हा पोरांना ओसरीवर शिकवायचे. मी असेन आठ वर्षांची. अण्णा पाटावर बसलेले, समोर पालथी घातलेली पाण्याची कळशी, हे इंजिन. आजीचं लाटणं, हे हँडल. “मूठ अशी धरायची. अंगठा कुठाय? अंगठा चार बोटांच्या बाजूला घे. समोरून आवळलास तर गाडी उलटा झटका देते, आणि अंगठा जातो. मग खा ताक-भात डाव्या हाताने.” त्यांच्या एका जोडीदाराचा अंगठा खरंच गेला होता. आम्ही लाटणं फिरवायचो, अण्णा तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचे, तो एकदम लागायचा नाही, दोनतीनदा खोकायचा, आणि लागला की ओसरीभर टाळ्या. आतून आजी ओरडायची, पोळ्या काय हाताने थापू का?

चाळिशी उलटल्यावर मी ड्रायव्हिंग क्लासला गेले तेव्हा शिकवणारा मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला, “मॅडम, स्टिअरिंग नीट पकडा, अंगठा असा वर काय ठेवता?” काय सांगणार त्याला? अजूनही माझा अंगठा तसाच असतो. लाटणं धरतानासुद्धा.

तर तो ‘ट’. अकरावीला मी फ्रेंच घेतलं. नव्याने शिकलेली भाषा म्हणजे नवी चप्पल, घरातही वाजवत हिंडायचं. आमच्याकडे तेव्हा लग्नांत नुकतंच ‘बफेट’ सुरू झालं होतं आणि पाहुण्यांना ‘बुकेट’ देत. मी सगळ्यांना दुरुस्त करत सुटले होते. बुफे. बुके. ट मुका असतो. सुट्टीत साताऱ्याला गेले, अण्णा नेहमीसारखे शेवरलेटवर आले आणि मी म्हणाले, “अण्णा, शेवरलेट नाही. शेव्हरोले. ट म्हणायचा नाही.”

अण्णा म्हणाले, “बरं.”

एवढंच. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. पण त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी ते नाव घेतलं नाही. “ती माझी पहिली गाडी” म्हणायचे. ज्या गाडीला त्यांनी घाटात ओंजळीने पाणी पाजलं, तिचं नाव मी त्यांच्या तोंडून काढून घेतलं. मला हे लक्षात यायलाही बरीच वर्षं लागली.

नावाच्या बाबतीत खुद्द कंपनीचंही डोकं एकदा असंच फिरलं होतं. अमेरिकेत लोक लाडाने ‘शेवी’ म्हणतात. २०१०मध्ये डेट्रॉइटमधून कर्मचाऱ्यांना फर्मान निघालं की यापुढे शेवी म्हणायचं नाही, पुरतं शेव्हरोले म्हणा. आणि जो चुकेल त्याने डब्यात पंचवीस सेंट टाकायचे. बाहेर इतकं हसं झालं की दुसऱ्याच दिवशी सारवासारव करावी लागली. मी तो डबा ओसरीवर न ठेवताच तेच केलं होतं.

आमच्या आत्या ‘शेवी’वाल्या. यजमान डॉक्टर, सत्तरच्या सुमाराला फ्लिंटला गेले. तेच ते ड्युरंटच्या बोलिंगचं गाव, जनरल मोटर्सचं जन्मस्थान. गल्लीत प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी कारखान्यात, तेव्हा गाडी कुठली घ्यायची हा प्रश्नच नव्हता. इम्पाला घेतली. साडेपाच मीटर लांब. आत्या पत्रात लिहायची, “हिच्या डिकीत आपलं माजघर मावेल.” लिटरला चारपाच किलोमीटर जायची, आणि १९७३च्या तेलटंचाईत पंपावर रांग लावून तिला पाजताना आत्याला म्हणे दुष्काळात बैलजोडी सांभाळणारे आपले काका आठवायचे. तरी फोटोंत बघावं तर आत्या सगळीकडे त्या गाडीला टेकून उभी. नायगारा मागे, छोटासा. बेसबॉल, हॉट डॉग आणि ॲपल पायच्या पंगतीत शेव्हरोलेला बसवणारी जाहिरात तिकडे त्याच दशकात गाजली. स्विस माणसाचं फ्रेंच नाव, आणि पान मात्र अमेरिकेच्या घरच्या पंगतीत. पुढे ऐंशीच्या दशकात आत्यांनी एक छोटी जपानी गाडी घेतली, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने वर्षभर तिच्या अंगणातला बर्फ काढला नाही. आधी न सांगता काढायचा.

माझी स्पार्क साडेतीन मीटरची. इंजिन ९९५ सीसी. म्हणजे अण्णांच्या गाडीचं एक-तृतीयांशही नाही. आणि ती तरी अमेरिकन कुठे? मुळात ती कोरियातली देवूची मटीझ. देवू बुडाली, जनरल मोटर्सने घेतली, लेकीचं नाव बदललं. नाव स्विस-फ्रेंच, घराणं अमेरिकन, रक्त कोरियन, पासिंग एमएच १२.

इथे त्यांचं येणंजाणंही असंच. १९२८मध्ये मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने गाड्या जोडायला सुरुवात केली; मोटारींची जुळणी अशी देशात आधी कुणी केली नव्हती. पेट्यांतून सुटे भाग यायचे, इथे जोडायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारने विचारलं, नुसतं जोडणार की इथेच बनवणार? तेव्हा १९५४मध्ये त्यांनी गाशा गुंडाळला. मग २००३ला हे नाव परत आलं, २००८ला तळेगावला मोठा कारखाना उघडला, आणि २०१७ला पुन्हा दुकान बंद. तळेगावातून निर्यातीसाठी गाड्या निघत राहिल्या, २०२०च्या डिसेंबरात त्याही थांबल्या. कारखान्याची एका चिनी कंपनीशी सोयरीक जुळत आली होती, ती मोडली; शेवटी ह्युंदाईने घेतला. लोणावळ्याच्या लोकलने जाताना तळेगाव आलं की मी अजून उगाच त्या बाजूला बघते. दिसत काही नाही.

कंपनी गेली तेव्हा ओळखीतल्या सगळ्यांनी सल्ला दिला, विकून टाका, उद्या पार्ट मिळणार नाहीत. मी विकली नाही. निष्ठा वगैरे काही नाही, भाव फार कमी येत होता.

घासणी धुऊन ठेवली. गाडीची कागदपत्रं काढून प्लास्टिकच्या पिशवीत भरली. आरसी, विमा, पीयूसी. सगळ्यांवर ते नाव छापलेलं आहे, पूर्ण, ट सकट. बादली उचलताना मनात उद्याचा रस्ता जुळवत होते. स्वारगेटचा सिग्नल, मग डेपोवरून डावीकडे…

आणि तिथेच थांबले. डेपो.

अण्णा सव्वीस वर्षं डेपोत गेले. पाटीवर आगार, कागदावर आगार, पण त्यांच्या तोंडी, सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या तोंडी, पानवाल्याच्या, हमालाच्या तोंडी डेपो. डेपोट कुणी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. तोही शब्द फ्रेंचच, त्याच्याही शेवटी ट आहे आणि तोही मुका. तो त्यांना कुणी शिकवावा लागला नव्हता. “मग डेपोला डेपो कोण म्हणतं, तुझ्या मास्तरीणबाई?” एवढं त्यांनी त्या दिवशी विचारलं असतं तर माझी बोलतीच बंद झाली असती. कदाचित सुचलंही असेल. अण्णांना बरंच सुचायचं.

साडेदहाची वेळ मिळाली आहे. मुलीकडे सोनेरी नेलपॉलिश आहे, उठली की मागून बघते. दोन हात दिले तर निरीक्षकाला लांबून कळायचं नाही.