स्टेजच्या पायरीपाशी

मी लग्नांचं नियोजन करते. रिसेप्शनच्या संध्याकाळी मी नक्की कुठे असते, हे यजमान पहिल्याच भेटीत विचारतात. माझी जागा ठरलेली आहे, स्टेजच्या पायरीपाशी. डेकोरेशन, फुलं, लायटिंग ही कामं तोवर उरकलेली असतात. त्यानंतर सांभाळायची असते ती रांग.

हिशेब साधा आहे. पत्रिकेवर 7 ते 10 छापलेलं असतं, पण मेकअप आणि साडी बदलणं धरून जोडी स्टेजवर येते साडेसातला. त्यातला अर्धा तास दोघांच्या जेवणाचा. उरले दोन तास. पाहुणे 600, चौघांचं एक कुटुंब धरलं तर 150 कुटुंबं. म्हणजे एकेका कुटुंबाच्या वाट्याला जेमतेम पाऊण मिनिट. लग्नाला लांबून आलेल्या माणसाची भेट त्या पाऊण मिनिटात नीट व्हावी, एवढ्यासाठी मी तिथे उभी असते.

त्यासाठी मला घरातली दोन माणसं लागतात. बहुतेक वेळा मुलीची चुलत बहीण आणि मुलाचा मावसभाऊ. नवरीला सासरकडचे निम्मे लोक माहीत नसतात, नवरदेवाचंही तेच. पायरी चढायच्या आतच "हे बाबांच्या बँकेतले, साताऱ्याहून आलेत" असं कानावर पडलं, की ती हसून म्हणते, "काका, एवढ्या लांबून आलात!" त्या काकांचा चेहरा मी समोरून पाहते. कॉलेजच्या मित्रमंडळींना मात्र जोडीचं जेवण झाल्यावर, पावणेदहानंतरच वर सोडते, त्यांचा एक फोटो कधीच एक नसतो.

आजी-आजोबांना रांगेत उभं करणं मला पटत नाही. आमच्याकडे पुण्यात म्हात्रे पूल ते राजाराम पूल हा डीपी रस्ता लॉन्सनी भरलेला आहे, शेजारी नदी. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू होतो आणि डिसेंबरात तिथे रात्री चांगलाच गारठा असतो. म्हणून ज्येष्ठांच्या खुर्च्या पुढे डावीकडे मांडून घेते आणि आठच्या सुमारास पाच मिनिटं रांग थांबवून जोडीलाच खाली आणते. वाकून नमस्कार, डोक्यावर हात, फोटो तिथेच. रांगेतलं कुणी याला कुरकुर करत नाही.

जेवणाचे काउंटर स्टेजसाठी अडवून ठेवू नयेत, हे मी केटररला आधीच सांगते. आधी जेवा, मग भेटा, किंवा उलट. गर्दी आपोआप दोन्हीकडे वाटली जाते. साडेआठला डिशचा पहिला आकडा मागवते आणि मोजायला घरातला एक माणूस बसवते, म्हणजे रात्री बिलावरून वाद होत नाही. ताटं वाढत चालली तर भात वाढवायचा का, हे मुलीच्या मामांना विचारायचं. वडिलांना नाही.

हा माझा हट्टच आहे. केटरर, कार्यालयाचा मॅनेजर, साउंडवाला, पार्किंगवाला, कुणीही त्या संध्याकाळी मुलीच्या आई-वडिलांपर्यंत जायचं नाही. वर्षभर राबलेली ती दोन माणसं. त्यांनी दारात उभं राहून आपल्या माणसांचे हात हातात घ्यावेत आणि "जेवल्याशिवाय जायचं नाही हं" एवढंच म्हणावं. पाकिटांची पिशवी मावशीकडे, दागिन्यांची आत्याकडे, बिलाचं बोलणं मामांशी. कुणाकडे काय, हे आदल्या दिवशीच कागदावर लिहून घेते आणि त्याची एक प्रत मॅनेजरकडे देते.

दहाला स्पीकर बंद. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 ही बंदी आहे, आणि साउंडवाल्याशी घासाघीस मी पावणेदहालाच उरकते. पण त्याआधी, सव्वानऊला, जोडीला ताटावर बसवायचं म्हणजे बसवायचंच. दुपारच्या पंगतीत पाहुण्यांच्या आग्रहात दोघांनी धड खाल्लेलं नसतं. रांगेत कितीही माणसं असोत, मी पायरीवर आडवी उभी राहते आणि सांगते, "अर्धा तास थांबा, मुलं जेवताहेत."